तोंड वाटोळं होतं

२०१६ च्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन उमरग्याला आत्याकडे गेलो, तेव्हा पिशवीत बुटांच्या खोक्यात जुन्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेलं एक विमान होतं. प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेलं हॉकर टेम्पेस्ट ह्या लढाऊ विमानाचं मॉडेल, १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. पंखांची लांबी साडेसतरा सेंटिमीटरांना जराशी कमी, म्हणजे माझ्या पसरलेल्या हाताच्या वितीत सहज मावणारं. तीन महिने रात्री जेवणं झाल्यावर त्याच्यावर बसलो होतो. त्याच्या पंखांवरचं अशोकचक्र बाजारात मिळालं नाही, म्हणून कॉम्प्युटरवर चोवीस आऱ्या मोजून काढल्या आणि झेरॉक्सवाल्याकडच्या लेझर प्रिंटरवर डीकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर उतरवल्या. आत्याला दाखवायचं म्हणूनच हे विमान केलं होतं. लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकलेली, १९४८ साली निजामाच्या हैदराबादवर भारताची फौज गेली तेव्हाची ती विमानं हीच, असं तिच्या हातात ठेवून म्हणायचं होतं. आत्यानं चष्मा लावला, विमान उजेडाकडं धरलं, पुढून बघितलं, बाजूनं बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे ते न्हाई."

मी म्हणालो, "तेच आहे आत्या. टेम्पेस्ट. पोलीस अ‍ॅक्शनला हीच आली होती."

"नाव मला म्हाईत न्हाई. पर तोंड असं नव्हतं. ह्याला गळा सुटलाय बग. त्याचं तोंड वाटोळं होतं, घागरीच्या बुडावानी." एवढं बोलून तिनं सुनेला हाक मारली आणि मला भाकरीला बसवलं. तिच्यासाठी विषय संपला होता.

तिचं बरोबर होतं. आणि मला ते आधीपासून माहीत होतं.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. किल्लारी पाटी गेली, लामजना गेलं, औसा आलं तरी खोकं उघडून बघावंसं वाटेना. टेम्पेस्टचे मुख्य प्रकार दोन. प्रकाराला मार्क म्हणतात. पाचव्या मार्कला नेपियर सेबर इंजिन. चोवीस सिलिंडरांचं, पाण्यानं थंड होणारं. त्या पाण्याला गार करायला रेडिएटर लागतो आणि तो नाकाखाली मोठ्या हनुवटीसारखा लटकतो. आत्याला गळा सुटलेला दिसला तो हा. दुसऱ्या मार्कला ब्रिस्टल सेंटॉरस. अठरा सिलिंडर, दोन गोल ओळींत नऊ-नऊ, हवेनं थंड होणारे. रेडिएटर नाही म्हणून हनुवटी नाही. समोरून बघितलं तर एक स्वच्छ वर्तुळ. एवढं मोठं गोल इंजिन चिंचोळ्या धडाला घट्ट कसं बसवायचं, हे हॉकरच्या लोकांनी हाती लागलेलं जर्मन फोके-वुल्फ १९० तपासून शिकून घेतलं होतं. १९४७ साली भारताच्या वाट्याला ८९ टेम्पेस्ट आली, ती सगळी दुसऱ्या मार्कची, गोल तोंडाची. मला मिळालं ते अ‍ॅकॅडमी कंपनीचं किट पाचव्या मार्कचं होतं. ते मागवताना, कापताना, त्याच्यावर चक्र चिकटवताना मी स्वतःला सांगत होतो, की एवढं कोण बघतंय. प्रदर्शनात कुणी जाणकार भेटला असता तर त्याला खरं सांगितलं असतं. पण एका म्हाताऱ्या बाईला, जिच्यासाठी ते केलं तिलाच, मी जवळपासचं काहीतरी द्यायला निघालो होतो. तिनं अडुसष्ट वर्षांपूर्वीचं एक तोंड जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं, आणि मी तीन महिने समोर ठेवूनही ते चुकवलं होतं.

ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली, की आम्हा पोरांना ती पाठ होती. आत्या तेव्हा आठ वर्षांची. गाव हैदराबाद रस्त्यापासून कोसभर आत. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या आणि मूग तोडणीला आला होता. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं बाया-पोरं कित्येक रात्री घरात निजत नव्हती. आजी दागिने चुलीखाली पुरून ठेवायची आणि आजोबा कुठं असतात हे विचारायची पोरांना बंदी होती. आदल्या दिवशी नळदुर्गाकडं तोफा वाजल्याचं बातमीनं आलं होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ सप्टेंबरला, मंगळवारी, आजी आणि दोघी-तिघी जणी मुगाच्या शेंगा तोडत असताना सोलापूरच्या बाजूनं आवाज आला. आत्या तो आवाज तोंडानं काढून दाखवायची. आधी गिरणीच्या पट्ट्यासारखा, मग एकदम आभाळ फाटल्यासारखा. उमरग्याहून राजेश्वरकडं निघालेल्या फौजेच्या वाटेवर मोर्चे बांधून बसलेल्यांवर त्या दिवशी टेम्पेस्ट धाडली होती, हे मी पुढं वाचलं. शेतातल्या बायांना त्यातलं काय कळणार. आजीनं ओरडून सगळ्यांना सरीत लोटलं. आणि इथं आत्या नेहमी थांबायची, हात आडवा करायची आणि म्हणायची, "समदी पालथी पडली. मी उताणी पडले."

लहानपणी आम्ही ह्या वाक्याला हसायचो. पुढं काय होतं, बॉम्ब कुठं पडले, रझाकार पळाले का, ते ऐकायची आम्हाला घाई असायची. ती उताणी पडली हे गोष्टीतलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं वाक्य वाटायचं. एसटी लातूरच्या स्टँडात शिरताना ते वाक्य पुन्हा आठवलं. त्या शेतात विमान खरोखर बघितलेली ती एकटीच होती.

किटचं नाक बदलायला गोल नाकाचे रेझिनमधले सुटे भाग मिळतात हे मला ठाऊक होतं. युरोपातला एक छोटा कारागीर ते घरीच ओततो. त्याला लिहिलं, पैसे पाठवले आणि मार्च संपताना तळहातावर मावेल एवढी झिपची पिशवी पोस्टानं आली. आत मळकट पिवळ्या रंगाचे नऊ तुकडे होते. किटचं प्लास्टिक कारखान्यातल्या पोलादी साच्यातून एका दाबात हजारोंनी निघतं. रेझिनचं तसं नाही. सिलिकॉन रबराचा मऊ साचा करून त्यात दोन द्रवांचं मिश्रण हातानं ओततात, ते तापून घट्ट होतं, आणि थोड्याच नगांनंतर साचा फाटत जातो. आमच्या गल्लीत एक ओतारी होता, पितळी समया ओतायचा. मूस फोडल्यावर समईला चिकटून जी दांडी उरते, तसाच प्रत्येक रेझिन तुकड्याच्या बुडाशी ओततानाचा एक ठोकळा उरलेला असतो. तो कापून काढणं हे पहिलं काम. नाकाच्या कडेवर मोहरीपेक्षा बारीक हवेचा बुडबुडा होता, त्या जागी खड्डा. त्याला मी दोष मानला नाही. कुणीतरी दूर कुठं वाकून ओतलंय, ही त्याची खूण.

इंजिनाचा तुकडा मात्र कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. एक रुपयाच्या नाण्याहून लहान चकती आणि तिच्यावर पुढच्या ओळीतले नऊच्या नऊ सिलिंडर.

आधी सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य अंगाला असतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग ठोकळा बारीक दातांच्या करवतीनं कापायचा. मग घासायचं, पण कोरडं कधीच नाही. रेझिनची भुकटी पिठासारखी उडते आणि फुप्फुसात गेली की परत येत नाही. पॉलिश पेपर ओला, तुकडा ओला, नाकाला मास्क. हे सगळं करायचं ठरलं ते नेमकं त्या एप्रिलमध्ये, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ तारखेच्या पहाटे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर उतरलं आणि सगळं शहर स्टेशनाकडं बघत होतं. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याला यायचा, बायको हांडे मोजून भरायची. मी खेळण्यासारख्या वस्तूला घासायला पाणी मागणार कसा? मी काही मागितलं नाही. तरी रोज रात्री माझ्या टेबलावर एक वाटी पाणी ठेवलेलं असायचं. एका वाटीत चार दिवस काढायला शिकलो. रेझिनचं पाणी झाडाला घालता येत नाही, म्हणून वाटी तशीच ठेवायची, गाळ बुडाशी बसला की वरचं निवळ पाणी पुन्हा वापरायचं. चौथ्या दिवशी तळाशी ताकासारखा पिवळट साका उरे, तो कागदावर पुसून घ्यायचा. तिनं ह्यावर एकदाही चकार शब्द काढला नाही. त्या वाटीचं ओझं मात्र मला करवतीहून जड वाटायचं.

ह्या कामातला अवघड क्षण एकच. नवं नाक बसवायचं तर जुनं कापावं लागतं. रेझिन कितीही सुबक असो, आधी चांगल्या, जुळलेल्या, गुळगुळीत धडावर करवत ठेवायची असते आणि ते एकदा कापलं की माघार नसते. मी दुसरं किट आणलं नाही, आणता आलं असतं तरी. तेच आत्यानं परत दिलेलं विमान घेतलं. त्याच्यावर माझे तीन महिने होते आणि चुकीची चक्रंही होती, म्हणजे चक्रं बरोबर होती, विमान चुकीचं होतं. काचेच्या पुढं, जिथं इंजिनाची मागची भिंत असते, तिथल्या पॅनेल-रेषेवर, म्हणजे पत्रे जुळतात त्या कोरीव रेषेवर, चिकटपट्टी गुंडाळून सरळ कड करून घेतली आणि करवत चालवली. प्लास्टिक कापताना फार हलका, खारीक कुरतडल्यासारखा आवाज येतो. हनुवटीसकट नाक टेबलावर पडलं. पंखांचं कापणं त्याहून नाजूक. सेंटॉरसला हवा पुरवणारी तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढच्या कडेत असतात आणि उजव्या पंखात शेजारी तेल थंड करायचा कूलर. तेवढे तुकडे कडेतून खाचायचे आणि तिथं रेझिनचे बसवायचे. त्यासाठी दातांचा डॉक्टर असलेल्या धाकट्या भावानं आपले झिजलेले बर दिले. दाढ कोरायचं ते हत्यार प्लास्टिकात लोण्यासारखं जातं, म्हणून हात फार आवरावा लागतो.

प्लास्टिकची सिमेंट रेझिनला चालत नाही. ती प्लास्टिक विरघळवून दोन कडा एकजीव करते, पण रेझिन तिला दाद देत नाही. इथं फेविक्विक लागतं, किंवा जरा सावकाश काम हवं असेल तर एरलडाइट. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, आणि त्या एप्रिलमध्ये लातूरच्या हवेत ओलावा होता कुठं? एरवी श्वास घ्यायच्या आत धरणारा थेंब सावकाश धरत होता. ते एका परीनं बरंच झालं. नाक सरळ बसलंय का हे पुन्हा पुन्हा बघायला अवधी मिळाला. दुसरा मार्क पाचव्यापेक्षा नऊ इंचांनी लांब. आपल्या मापात ते सव्वातीन मिलिमीटरही होत नाहीत. पण ते सव्वातीन मिलिमीटर लागले आणि विमानाचा चेहराच बदलला. आधी ते चिडक्या माणसासारखं खाली मान घालून बसलेलं वाटायचं. आता त्यानं मान वर केली.

एका रात्री वीज गेली होती. बॅटरीच्या उजेडात विमान धरून बसलो होतो आणि मनात हिशोब चालू झाला. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. आठ वर्षांची पोर चार फुटांची धरली तर ह्या मापात सतरा मिलिमीटर. स्वयंपाकघरातून मूग आणले. चार दाणे एकापुढे एक ठेवले आणि तेवढी आत्या झाली. विमान दोनशे फुटांवरून गेलं असं धरलं, तर टेबलापासून पावणेतीन फूट. उभा राहून विमान त्या उंचीवर धरलं आणि खाली चार दाण्यांकडं बघितलं. बॅटरीमुळं पंखांची सावली टेबलभर पसरली आणि दाणे तिच्यात दिसेनासे झाले. पंखांत प्रत्येकी दोन, अशा २० मिलिमीटरच्या चार तोफा. मॉडेलवर त्या केसासारख्या नळ्या आहेत, सुईनं भोक पाडून मोठ्या कौतुकानं बसवल्या होत्या. कौतुकाचं काही वाटेना झालं.

मला लहानपणापासून विमानं आवडतात. आवडतात म्हणजे त्यांच्या आकारानं जीव सुखावतो. टेम्पेस्टच्या पंखाची ती लंबगोल वळणदार कड बोटानं चाचपायला आवडते. आणि ही विमानं आमच्या बाजूनं आली होती. ती आली नसती तर आजोबा शेतातून परत आले असते की नाही, कोण जाणे. १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर उभं राहताना माझा ऊर भरून येतो, अजूनही येतो. पण आत्याच्या गोष्टीला एक शेवट होता, जो ती आम्हा पोरांना सांगत नसे. मी चाळिशीत आल्यावर एकदा, दुपारी शेंगा सोलता सोलता, तिनं तो सांगितला. त्यांच्या वाड्यामागं मुलाण्यांचं घर होतं आणि त्यांची पोर आत्याच्या वयाची. दोघी काचेच्या बांगड्यांचे तुकडे जमवायच्या. विमानं गेली, फौज पुढं गेली, गावात गुलाल उधळला, आणि त्यानंतर काही दिवसांनी एके सकाळी त्या घराचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. कुठं गेले हे आजीनं सांगितलं नाही आणि आत्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं त्या दिवसांत सगळ्यात जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कैक वर्षं दडून राहिला. आत्याच्या डबीत ते बांगड्यांचे तुकडे मात्र होते. १९९३ च्या भूकंपात वाडा पडला तेव्हा त्याच्याखाली डबी गेली, फोटो गेले, आजोबांचं सगळं गेलं. राहिलं ते तिच्या डोळ्यात राहिलं. त्या डोळ्यानं तोंड वाटोळं म्हटलं असेल तर ते वाटोळंच केलं पाहिजे, ह्या एकाच गोष्टीवर माझा ठाम विश्वास बसला होता. बाकी कशाबद्दल काय वाटावं हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही.

मे-जूनमध्ये सांधे भरले. पुट्टी, घासणं, प्रायमर, पुन्हा पुट्टी. प्रायमरचा राखाडी हात फिरला की लपलेली प्रत्येक चीर उघडी पडते. नाक आणि धड जिथं मिळालं होतं तिथली चीर पाच वेळा भरली. बुजलेल्या पॅनेल-रेषा सुईनं पुन्हा कोरल्या. पाऊस आला, वाटीचं पाणी रोज बदलता येऊ लागलं. चक्रं पुन्हा छापली, पांढऱ्या चकतीवर निळं. १९५० पासून विमानांवर आजची तिरंगी वर्तुळं आली, त्याआधीची थोडी वर्षं फक्त हे चक्र होतं. सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या जेवणाला उमरग्याला जायचं होतं, त्याच्या आदल्या रात्री चार पात्यांचा पंखा जागेवर बसवला.

जेवणं झाली. सोळा भाज्या, आंबिल, पुरणपोळी. आत्या आतल्या खोलीत बाजेवर कलंडली होती. मी खोकं नेलं. ह्या वेळी काहीच बोललो नाही, नुसतं तिच्या हातात दिलं. मला वाटलं होतं ती समोरून बघेल, ते अठरा सिलिंडरांमधले दिसणारे नऊ बघेल. तिनं तसं केलं नाही. चष्मा काढून उशीशी ठेवला, पाठीवर नीट निजली आणि विमान दोन्ही हातांनी, हात पोचतील तितकं वर, तोंडावर धरलं. खालून बघत राहिली. बाहेर पोरं घंटी वाजवत होती.

"हां," ती म्हणाली. "तोंड बरूबर हाय."

मग तिचं बोट पोटावरून फिरलं. पंख आणि धड जिथं खालून मिळतात तिथं सांध्यावर एक उंचवटा राहिला होता. मांडणीत ठेवलेल्या विमानाचं पोट कुणी बघत नाही, म्हणून आम्ही सगळेच खालची बाजू उरकून टाकतो. तिचं बोट तिथं थांबलं, पुढं गेलं, परत तिथं आलं. ती काही म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आत बसलेल्याला आमी दिसलो आसू का रं?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्या विमानाचा पंख नेमका कुठं येतो हे मला आता हातानं माहीत होतं. "नाही आत्या. बसायच्या जागेखाली पंख येतात. सरळ खालचं दिसत नाही."

"तरीच," ती म्हणाली. "मी हात केल्ता."

हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. विमान तिनं छातीवर ठेवलं आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. मी ते हलकेच उचललं, चिंध्यांत गुंडाळलं आणि खोक्यात घातलं. सुनेला सांगितलं, की पुढच्या खेपेला परत घेऊन येतो, तिच्यापाशीच ठेवायला. लातूरला पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. टेबलावर पाण्याची वाटी भरलेली होती. पॉलिश पेपरचा तुकडा तिच्यात भिजत घातला, विमान पालथं केलं आणि पोटावरचा तो सांधा बोटानं शोधला.